खातं बंद नाही, फक्त पैसे निघणार नाहीत

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दिवाळीचा पसारा आवरला होता आणि मी राजवाड्याजवळच्या नेहमीच्या दुकानात महिन्याचं सामान भरायला गेले होते. बिल झालं २,३१५. मोबाइल काढला, कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि लाल फुली आली. पुन्हा टाकला, पुन्हा फुली. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "राहू द्या वहिनी, सर्व्हर असेल. संध्याकाळी द्या." घरी येऊन शिल्लक पाहिली तर ८३,४१७ रुपये जागच्या जागी होते. मीही म्हटलं, असेल सर्व्हर. दुसऱ्या दिवशी एटीएमनेही नकार दिला तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेने मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. एकवीस वर्षांचं खातं माझं. तिने शेजारच्या साहेबांना बोलावलं. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या खात्याला डेबिट फ्रीझ आहे. सायबरकडून."

"म्हणजे खातं बंद केलंत?"

"बंद नाही. पैसे येतील, निघणार नाहीत."

हे बंदपेक्षा वाईट, हे मला दोन दिवसांनी कळलं. फराळाची उधारी असलेली माणसं बिचारी आठवणीने पैसे पाठवत होती आणि ते सगळे त्या विहिरीत पडत होते. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते दाराशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड काढण्याचं. गरम पाण्याचं फडकं, सुरी, शेवटी खोबरेल तेल. तरी अर्धा कागद भिंतीला राहिलाच, अजून आहे.

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. मोठा धंदा नाही, दिवाळीला आणि संक्रांतीला हात मारून घ्यायचा, वर्षभर थोड्याफार चकल्या आणि लाडू. चालू खातं वगैरे काढलं नाही, सगळं माझ्या बचत खात्यातच. यात पोलिसांनी लक्ष घालावं असं काय होतं, तेच समजेना.

साहेबांना विचारलं, तक्रार कोणाची, किती रुपयांची? म्हणाले, "आम्हाला फक्त आदेश येतो. तुम्ही पोलिसांकडे जा." लेखी द्या म्हटलं तर, "तसं देता येत नाही." पत्र नाही, मेसेज नाही. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान, बँकेला सुट्टी. म्हणून तशीच सायबर पोलिसांकडे गेले. तिथे निम्मी माणसं बंदोबस्ताला गेलेली. जे एक हवालदार भेटले ते घाईत होते, पण या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा काही समजावून सांगितलं ते त्यांनीच. ड्युटीचा एक जुना कागद पालथा केला आणि पेनने गोल काढले.

वरचा गोल म्हणजे ज्याची फसवणूक झाली तो. त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकली की त्याचा पैसा कुठल्या खात्यात गेला ते त्या बँकेला कळतं. तो पहिला थर. चोर काही पैसे तिथे ठेवत नाही, तासाभरात ते पाच-दहा खात्यांत फोडतो. तो दुसरा थर. तिथून पुढे तिसरा, चौथा. प्रत्येक बँक आपापल्या थरातल्या खात्यांना खीळ घालत खाली येते. वरच्या खात्यांपैकी बरीचशी भाड्याने घेतलेली असतात, त्यांना पोलीस 'म्यूल' म्हणतात. "आणि खालच्या थरात?" मी विचारलं. त्यांनी कागदाच्या तळाशी आठ-दहा बारीक गोल काढले. "खाली पेट्रोल पंप, किराणा दुकान, भाजीवाला. आणि तुम्ही."

आमच्याकडची तक्रार नाही, त्यामुळे आम्ही खातं सोडवू शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण बँकेकडून चार गोष्टी मागायला सांगितल्या: तक्रारीचा चौदा आकडी नंबर, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, नेमकी रक्कम, आणि कुठल्या व्यवहारामुळे, त्याचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. "तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या."

पोच हा शब्द मी तेव्हापासून जपून ठेवलाय. २१ तारखेला दोन प्रतींत अर्ज नेला. साहेब म्हणाले, ठेवून जा. मी म्हटलं, शिक्का मारून द्या, मग जाते. बाकड्यावर पाऊण तास बसले. शिक्का मिळाला. आणि जी माहिती 'देता येत नाही' होती, ती पाच दिवसांत छापील कागदावर आली.

रक्कम ६,२४०. तेलंगणातलं एक पोलीस ठाणं. व्यवहार २१ ऑक्टोबरचा.

६,२४० म्हटल्याबरोबर मला आठवलं. बारा बॉक्स, ५२० रुपयांचा एक. पुण्याच्या एका मुलाने ऑफिसातल्या मित्रांसाठी मागवले होते, चकलीत लसूण नको म्हणून दोनदा सांगितलं होतं. मी त्याला फोन लावला. चिडूनच लावला होता, खोटं कशाला बोलू. तो पलीकडून रडकुंडीला आलेला. "काकू, माझंही खातं गेलंय. पगार अडकलाय." कुठल्याशा गेमच्या ॲपवर जिंकलेले नऊ हजार त्याने खात्यात काढून घेतले होते. ॲपवाल्यांनी ते दिले कोणाच्या तरी चोरलेल्या पैशातून. त्यातले मला आले. त्याने काही चोरलं नव्हतं, मीही नाही. तेलंगणातल्या ज्या माणसाचे गेले त्याचीही चूक नाही. मग रागवायचं कोणावर? त्या दिवशी मी ह्यांच्यावर रागवून घेतलं.

इथून पुढचे सहा आठवडे कागदांचे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा कराडला वकिली करतो. तो म्हणाला, "काकू, ते ६,२४० सोडून दे. भांड उरलेल्या पैशांसाठी." तपासात खात्यावर टाच आणायचा अधिकार पोलिसांना आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होता, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १०६ मध्ये आला. पण वादातली रक्कम सहा हजार असताना अख्खं खातं का गोठवायचं? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा बऱ्याच याचिकांवर सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली आहे तेवढ्यापुरतंच बँकेने अडवावं. हे वाक्य पुतण्याने अर्जात घातलं. केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या बँकेवर बंधनकारक नाही, पण वाचणाऱ्याला विचार करायला लावतो, असं त्याचं म्हणणं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं का, हेही मी विचारलं. तो म्हणाला, बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर जाता येतं, फी नाही. पण पोलिसांच्या आदेशावरून केलेल्या गोष्टीत लोकपाल हात घालत नाही. म्हणजे तिथे जाऊन माझा प्रश्न सुटला नसता. काहीच झालं नाही तर अडकलेले पैसे सोडवायला दंडाधिकाऱ्यांकडे त्याच नव्या संहितेतल्या कलम ५०३ चा अर्ज हा शेवटचा मार्ग. त्यासाठी तेलंगणात वकील गाठावा लागला असता. ती वेळ येऊ नये म्हणून मी रोज देवापुढे हात जोडत होते.

पुरावे काय द्यायचे? आधार, पॅन, सहा महिन्यांचा खातेउतारा, फूड लायसन्सवाल्यांकडचं शंभर रुपयांचं नोंदणी प्रमाणपत्र, त्या मुलाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. आणि माझी वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, दर वर्षी एक. २१ ऑक्टोबरच्या पानावर माझ्याच अक्षरात: "पुणे, १२ बॉ., चकली लसूण नाही, अनारसे ४ जादा, स्वारगेट, पैसे आले." कोपऱ्यात तेलाचा डाग, त्यावर भाजणीचं पीठ चिकटलेलं. पानाला पिनेने टाचलेली एसटीच्या पार्सलची पावती. ती पावती मी टाकून न देता टाचली कशी, हे मला अजून कोडं आहे. एरवी मी विजेच्या बिलाच्या पावत्याही हरवते.

सगळं स्कॅन करून त्या पोलीस ठाण्याला मेल केला. उत्तर नाही. आठ दिवसांनी पुन्हा, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा पुतण्याने विषयातच चौदा आकडी नंबर आणि '६,२४० पुरतं मर्यादित करण्याबाबत' असं लिहायला लावलं आणि बँकेच्या मुंबईच्या नोडल अधिकाऱ्यालाही प्रत पाठवली. मग मी फोन सुरू केले. रोज सकाळी साडेदहाला, जेवणाच्या आत. चौथ्या दिवशी एका कॉन्स्टेबलने फाइल उघडली. माझं हिंदी म्हणजे काय सांगावं, पण त्याचंही बेताचंच होतं, त्यामुळे जमलं. त्याने माझ्या वहीचा फोटो पाहिला असावा. म्हणाला, "अम्मा, ये चकली क्या होता?" आता फोनवर चकली कशी समजवायची? मी म्हटलं, गोल गोल, काटेवाली, तेल में तलते हैं. दोन क्षण शांतता आणि मग, "अच्छा, मुरुक्कू!" मी म्हटलं, हां, वही समझो. भाजणीच्या चकलीला मुरुक्कू म्हणणं मला एरवी सहन झालं नसतं.

त्या माणसाने मला एकदाही गुन्हेगारासारखं वागवलं नाही, हे लिहायलाच हवं. त्याच्याकडे अशा किती फाइली आहेत ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

मधल्या काळात एक फोन आला. मराठीच माणूस, फार अदबीने बोलत होता. "ताई, तुमचं खातं फ्रीझ आहे ना? आम्ही आठ दिवसांत काढून देतो. शिलकीच्या वीस टक्के." त्याला माझं खातं गोठल्याचं कळलं कुठून? मी विचारलं तर फोन ठेवून दिला. तो पैसे घेऊन पळाला असता की खरंच काम केलं असतं, यातलं जास्त भीतीदायक काय, हे मला ठरवता येत नाही.

आणि घर चालवायचं होतंच. हे एका दुकानात हिशेब लिहितात, त्यांचा पगार रोख, तेवढ्यावर डिसेंबर काढला. मुलाच्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे बहिणीने भरले. कर्जाचा हप्ता ५ तारखेला परत गेला आणि त्याचा दंड ५९० रुपये, खात्यात ऐंशी हजार असताना. पोस्टात जाऊन ५०० रुपये भरून नवं बचत खातं उघडलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण आपण 'होईल दोन दिवसांत' म्हणत राहतो. आळीत कोणाला सांगितलं नाही. तरी कळलंच. एक बाई म्हणाल्या, "काहीतरी असल्याशिवाय का बँक असं करते?" त्यांच्याकडे दर दिवाळीला माझ्याच करंज्या असतात.

३ जानेवारीला तेलंगणातून बँकेला मेल गेला. मला प्रत आली, इंग्रजीत चार ओळी. तो घेऊन शाखेत गेले तर, "आमच्यापर्यंत आलं नाही, मुंबईहून यावं लागतं." मुंबईला सहा दिवस लागले. कुलूप लावायला काही मिनिटं, काढायला सहा दिवस. ९ जानेवारीला दुपारी मी उभ्या उभ्या एटीएममधून शंभर रुपये काढले, नुसते बघायला. नोट बाहेर आली.

५२ दिवस. ते ६,२४० अजून अडकलेलेच आहेत, 'होल्ड' म्हणून दिसतात. ते सुटतील की त्या तेलंगणातल्या माणसाकडे जातील, बघू. त्याचे असतील तर त्याला जावेत, पण मग माझ्या बारा बॉक्सचं काय, हे मात्र कोणी विचारू नये. पुण्याच्या मुलाचं खातं त्यानंतर तीन आठवड्यांनी उघडलं. मी त्याला अर्जाचा नमुना पाठवला होता.

संक्रांतीच्या गुळपोळ्यांसाठी नवी वही काढली. तिच्यात एक जादा रकाना आखलाय: पैसे कोणाच्या नावाने आले. पहिल्याच दिवशी एका बाईंची पन्नास पोळ्यांची ऑर्डर, आणि पैसे आले कुठल्या तरी पुरुषाच्या नावाने. मी लगेच परत पाठवले आणि फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, ते आमचे मिस्टर! लग्नाला तीस वर्षं झाली."

मी म्हटलं, असू द्या. रोख पाठवा त्यांच्याबरोबर.