खिडकीसमोरची भिंत

९ मे

शेजारच्या भिंतीचा आज बारावा थर चढला. सिमेंटचे ब्लॉक आहेत, एकेक थर आठ इंचांचा, म्हणजे आठ फूट झाले. मिस्त्रीला विचारलं, अजून किती? म्हणाला, "पंधरा थर, काकू. मालक सांगितले तसं करलालोय." पंधरा थर म्हणजे दहा फूट. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जमिनीपासून साडेचार फुटांवर सुरू होते आणि साडेआठ फुटांवर संपते. खिडकीपुढे तीन फुटांची बोळ, आणि बोळीच्या पलीकडे ही भिंत.

विजापूर रोडच्या बाजूला आम्ही १९९६ साली घर बांधलं, तेव्हा दोन प्लॉटांच्या मध्ये उभ्या रोवलेल्या शहाबादी फरश्या होत्या. कंबरेएवढ्या. शहाबाद इथून जवळ, त्यामुळे तेव्हा सोलापुरात जमिनीवर फरशी, ओट्यावर फरशी आणि कुंपणालाही फरशीच. शेजारचे अण्णा आणि आमचे हे त्या फरशीला टेकून तासन् तास बोलत. पाणी कधी येणार हा कायमचा विषय. उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी कोणाची मोटर आधी लागली, कोणाची टाकी भरली, हे सगळं फरशीवरूनच कळायचं. अक्का शेंगाची चटणी कुटली की वाटी फरशीवर ठेवून हाक मारायच्या.

अण्णा गेले. घर आता मुलाच्या हातात आहे. त्यानं मागच्या बाजूला नवीन बांधकाम काढलं आणि फरश्या उपटल्या. तोवर मी काही बोलले नाही. त्याच्या जागेत तो बांधतोय, हद्दीचा वाद नाही, मोजणीचे दगड दोघांनाही माहीत आहेत. पण ही उंची मला मान्य नाही.

१० मे

आज गेले बोलायला. हे म्हणाले, संध्याकाळी जा, तो दुकानातून आल्यावर. मी सकाळीच गेले. सिमेंट वाळलं की बोलण्याला अर्थ उरत नाही. नवा थर फोडायला हातोड्याचे चार ठोके पुरतात, महिन्याभराच्या भिंतीला मशीन आणावी लागते.

त्याला मी लहानपणापासून पाहिलंय. दहावीच्या वर्षी भूगोलासाठी माझ्याकडे येऊन बसायचा. उठून उभा राहिला, "या काकू, बसा" म्हणाला, चहा सांगितला. पण भिंतीचं नाव काढल्यावर चेहरा बदलला. गल्लीत मागच्या वर्षी चोरी झाली, माकडं येतात, मागची बाजू उघडी पडते, अशी कारणं त्यानं पटापट सांगितली. मी म्हटलं, "अरे, चोराला दहा फूट काय आणि सात फूट काय? शिडी आणणारा आणतोच." तो म्हणाला, "काकू, उजेड तर कुठं कमी झालाय? बघा की, दुपारी बोळीत लख्ख ऊन आहे."

ऊन होतं, खरंच होतं. आणि मला तिथंच कळलं की हे त्याला कागदावर दाखवल्याशिवाय समजणार नाही.

११ मे

आयुष्यभर मुलांना शिकवलं ते आज स्वतःसाठी वापरलं.

सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच सुमाराला. अंगणात काठी उभी केली तर बारा-साडेबाराला तिची सावली तिच्याच पायाशी. त्यामुळे आज दहा फुटांची भिंत असो की पन्नास फुटांची, दुपारी बोळीत ऊन पडणारच. पण ही भिंत आमच्या दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही तो क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. तेव्हा दहा फुटांच्या भिंतीची सावली साडेआठ फुटांहून लांब पडते. बोळ तीन फुटांची. उरलेली सावली आमच्या भिंतीवर चढणार, जमिनीपासून साडेसहा फुटांपर्यंत. म्हणजे भर दुपारी निम्मी खिडकी अंधारात. सकाळी नऊला चारातले तीन फूट, आणि आठ वाजता तर जवळजवळ पूर्ण खिडकी.

मग तेच गणित सहा फुटांच्या भिंतीसाठी केलं. सकाळी आठला सावली खिडकीच्या खालच्या कडेपाशी, साडेचार फुटांच्या आसपास थांबते. भर दिवसा एकाही दिवशी ती खिडकीवर चढत नाही. तीनदा तपासलं, कारण मला त्याच्यासमोर चुकायचं नव्हतं.

माझ्या मते आपल्याकडे बरीच भांडणं यामुळेच होतात. बांधकामं उन्हाळ्यात निघतात, पावसाच्या आत संपवायची असतात, आणि उन्हाळ्यात सावली दिसत नाही. बांधणाऱ्याला वाटतं शेजारी उगाच अडवतोय. दिवाळीनंतर शेजाऱ्याच्या घरात दिवसा दिवा लागतो, तोवर भिंतीला रंगही लागलेला असतो.

आणि उजेडाइतकाच वाऱ्याचा प्रश्न आहे. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पारा ४३-४४ ला जातो. संध्याकाळी नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून जी झुळूक सुटते, ती या खिडकीतून शिरून मागच्या दारानं बाहेर पडते, म्हणून रात्री स्वयंपाकघरात उभं राहता येतं. उलट सिमेंटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती धग तीन फुटांवरून आमच्या खिडकीत सोडते. काल रात्री खिडकीच्या गजांना हात लावला, अकरा वाजले होते तरी कोमट होते.

१३ मे

कोर्टात वकिली करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिला फोन केला. तक्रार करायचीच असं ठरवून नाही, पण आपल्या पायाखाली जमीन किती आहे हे माहीत असलेलं बरं.

तिनं दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या. पहिली नगररचनेची. डिसेंबर २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यात कंपाउंडच्या भिंतीला उंचीची मर्यादा आहे. रस्त्याकडच्या बाजूला भरीव भिंत दीड मीटर, आणि वरचा ०.९ मीटर भाग जाळीसारखा मोकळा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. बाजूच्या भिंतीलाही दहा फूट भरीव चालत नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसात फोटो आणि मापं जोडून अर्ज द्यायचा, पोच घ्यायची.

दुसरी गोष्ट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याची. एखाद्या इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा उजेड आणि हवा घेतली असेल, तर कलम १५ प्रमाणे तो हक्क होतो. आमची खिडकी १९९६ पासून आहे, वीस वर्षं कधीच उलटली. पण अडथळा आल्यावर गप्प बसून चालत नाही, दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. आणि थोडाफार उजेड कमी झाला एवढ्यावर कोर्ट मनाई हुकूम देत नाही. घरात राहणं खरोखर अवघड झालं हे दाखवावं लागतं.

मग ती म्हणाली, "बाई, हा हक्क घराच्या खिडकीला आहे, अंगणाला नाही." कलम १७ मध्ये स्पष्ट आहे म्हणे, मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क वहिवाटीनं मिळत नाही. हे ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. बोळीतलं ऊन, जिथं मी दर उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालते, त्याचं कायद्याच्या लेखी काही मोल नाही. ते फक्त शेजाऱ्याच्या मनात असेल तरच टिकतं.

१४ मे

वळीव आला. अर्धा तासच, पण जोरात. बोळीतलं पाणी आधी फरश्यांच्या फटींतून पलीकडच्या गटारीत जायचं. आता भिंतीला अडून तुंबलं, खराट्यानं काढावं लागलं. त्याच वेळी भिंतीचा पाया नीट पाहिला. दोन फूट खणलाय. इथली माती काळी, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खणायचं हे सोलापुरात लहान पोराला माहीत असतं. त्यावर चार इंची ब्लॉकची दहा फूट भिंत, मध्ये एकही कॉलम नाही. २०१९ च्या जूनमध्ये पुण्यात कोंढव्याला पावसात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या शेडवर पडली आणि १५ जण गेले. पाऊस पडला की मला ते आठवतं. आमची बोळ ही मोलकरणीची भांडी घासायची जागा आहे.

१६ मे

आज कागद घेऊन गेले. अक्कांनाही भेटायचं होतं. गेले काही महिने त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. मला बघून नेहमीसारखं कानडीत "ऊट आयता?", जेवण झालं का, असं विचारलं. मी म्हटलं झालं, तुमचं? तर हात हलवून हसल्या.

सून मला बाजूला घेऊन गेली. हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे तुम्हाला सांगणार नाहीत. आईंना आता न्हाणीत नेता येत नाही. मागच्या पडवीत खुर्चीवर बसवून अंघोळ घालते मी. तुमच्या खिडकीतून सरळ दिसतं. आई लाजतात, मी भिजलेल्या साडीत असते. म्हणून मीच म्हटलं भिंत उंच घ्या." बोलताना तिचे डोळे भरले.

चोर नाही, माकडं नाहीत. हे कारण होतं. आणि ते शंभर टक्के रास्त आहे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "अगं, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी खिडकीला पडदा लावला असता."

मग आम्ही तिघं बोळीत उभे राहिलो. टेप त्याच्या हातात, कागद माझ्या हातात. पडवीचा जो भाग अंघोळीला लागतो तो आमच्या खिडकीच्या रेषेत येतच नाही, तिच्यापासून सात-आठ फूट मागे आहे. तिरकी नजर जाते म्हणून दिसतं. त्यानं स्वतः आमच्या ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. सावलीचं गणितही समजावून घेतलं, दोन ठिकाणी प्रश्न विचारले. "काकू, डिसेंबरचं डोक्यातच आलं नाही," म्हणाला.

१८ मे

ठरलं ते असं. पडवीसमोर दहा फूट लांबीत भिंत आठ फुटांवर थांबेल, भरीवच राहील. आमच्या खिडकीसमोर भरीव भिंत सहा फूट, त्यावर दीड फूट सिमेंटची जाळी. आमच्या खिडकीच्या खालच्या दोन तावदानांना मी दुधी काच बसवणार, उजेड येईल पण पलीकडचं दिसणार नाही. दर आठ फुटांवर कॉलम, आणि पायाशी पाणी जायला चार इंची पाईप. जाळीचा खर्च निम्मा-निम्मा. तो नको म्हणत होता, यांनी ऐकलं नाही.

पाया मात्र तो पुन्हा खणायला तयार नाही. उंची कमी झाली की भार कमी होतो असं त्याचं म्हणणं, कॉलमचे खड्डे मुरमापर्यंत नेतो म्हणाला. मला हे पूर्ण पटलेलं नाही. खड्डे खणतील त्या दिवशी मी उभी राहून बघणार आहे, हे त्याला तोंडावर सांगितलं.

वकिलीणबाईंनी सुचवल्याप्रमाणे सगळं साध्या कागदावर लिहिलं, मापांसकट. दोघांच्या सह्या, दोन प्रती. त्याच्या थोरल्या भावाला हे आवडलं नाही, शेजाऱ्यांत कागद कशाला म्हणून फोनवर रागावला. पण उद्या घर विकलं, भाड्यानं दिलं, तर नवा माणूस अण्णांना ओळखत नसेल. त्याला मापं तरी मिळतील.

मिस्त्रीनं दुपारी खिडकीसमोरचे वरचे तीन थर उतरवले. ब्लॉक न फुटता निघाले, कॉलमच्या कामाला वापरणार आहे. जाळ्या बुधवारी येतील.