कादंबरीतल्या वकिलाने चाकू उचलू नये

वकील रात्री बंद बंगल्यात शिरतो, रुमालात चाकू गुंडाळतो आणि भर कोर्टात टेबलावर ठेवतो. वाचक टाळ्या वाजवतील, पण खटला तिथेच बसतो. जप्ती पंचनामा नाही, पंच नाहीत, सील-लेबल नाही. चाकू कुठे सापडला हे सांगणारा एकटा वकीलच, म्हणजे तो आता साक्षीदार झाला. बार कौन्सिलच्या नियमांनुसार अशा खटल्यात त्याने उभं राहायचं नसतं. वस्तू दिसलीच तर ती जागेवर राहू द्यावी, सोबत शेजारीपाजारी कोणी असावं आणि पोलिसांना वा कोर्टाला लगेच लेखी अर्ज जावा.

त्याचं खरं हत्यार म्हणजे कागद. खुनात दोषारोपपत्रासाठी ९० दिवस असतात. ते अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने कोठडी दिली त्या दिवसापासून) मोजायचे, तो दिवसही धरून. मुदत चुकली आणि अर्ज केला, तर जामीन हक्काचा. कथेला आयतं घड्याळ मिळतं! तोवर हातात असतं ते एफआयआर, रिमांड रिपोर्ट आणि जामीन अर्जावरचा पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं. दोषारोपपत्र मिळालं की वेळा शेजारीशेजारी मांडाव्यात: खबर, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा), स्थळपंचनामा, जप्ती. एकच पंच सव्वादहाला घटनास्थळी आणि साडेदहाला वीस किलोमीटरवर सही करताना दिसला, तर रहस्याला धागा मिळाला. मुद्देमाल मुंबईत कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला आणि तिथल्या सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमधलं सील जप्तीच्या सीलशी जुळतं का, हेही बघावं.

लॉकअपमधल्या कबुलीवर कथा संपवणारे लेखक अजून आहेत. पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही. तिच्यामुळे वस्तू सापडली तर साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली तेवढाच भाग चालतो, आणि जागा सगळ्यांना मोकळी असेल तर तोही लटका पडतो.

उलटतपासात ‘खोटं बोलताय’ हा प्रश्न फुकट जातो. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. म्हणून विसंगत मजकूर आधी त्याला वाचून दाखवायचा, तो नाकारला की जबाबातल्या तेवढ्या मजकुरावर खूण करून घ्यायची (‘पोर्शन मार्क’) आणि पुढे तपासी अंमलदाराकडून ‘हो, असंच सांगितलं होतं’ हे वदवून घ्यायचं. ही शेवटची पायरी राहिली तर विसंगती सिद्धच होत नाही. कादंबरीत ही चूक ज्युनिअरच्या गळ्यात छान बसते.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जुनं चित्रण पुसत जातो, त्यामुळे ते जपण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच हवा. चित्रण दाखल करताना साक्ष अधिनियमाच्याच कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: दोन भाग, हॅश व्हॅल्यूसह (फाइलचा डिजिटल ठसा), दुसरा भाग तज्ज्ञाचा. ओळखीच्या हवालदाराकडून सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) मिळवणारा नायक स्वतःच आरोपी होतो. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ९४ खाली कोर्टामार्फतच ते मागवावेत.

आणि कथेतला खून जून २०२४ चा असेल, तर आरोपीवर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागेल, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं १०३ नाही.