बंद फ्लॅटमधला फ्लश

मे महिना लागला की मला पुण्यातल्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात: पाणी पुरत नाही. कोथरूडच्या एका सोसायटीत रोज टँकर येत होता आणि कमिटी नवीन बोअर मारायच्या बेतात होती. मी म्हटलं, आधी गच्चीवरची टाकी मोजू द्या.

रात्री दीड वाजता टाकीत येणारं पाणी बंद केलं. टाकी चार मीटर बाय तीन मीटर. साडेचारला पट्टी टाकली तर पाणी पाच सेंटीमीटर उतरलेलं. म्हणजे 600 लिटर, सगळी विंग झोपलेली असताना. दिवसाचे 4,800. सरकारी निकष माणशी रोज 135 लिटरचा आहे, म्हणजे 35 माणसांचं पाणी. नळ सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला याच्या मानाने फारच थोडं पाणी जातं. लोक मला बोलावतात ते त्या नळासाठी.

दुसऱ्या रात्री गच्चीवरच्या डाऊनटेक लायनींचे, म्हणजे टाकीतून खाली घरांत पाणी नेणाऱ्या पाइपांचे, व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले. बाथरूमच्या एका लायनीवर पातळी जागच्या जागी थांबली. सकाळी त्या लायनीवरच्या घरोघरी फ्लशच्या टाकीत जिलेबीचा रंग टाकला. वीस मिनिटं फ्लश ओढायचा नाही. भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला. एका घरात किंचित उतरला, पण तेवढ्याने हिशोब जुळेना.

राहिला पाचव्या मजल्यावरचा बंद फ्लॅट. किल्ली शेजारच्या काकूंकडे. आत पाऊल टाकताच सूं-सूं ऐकू आलं. फ्लशचं झाकण उचललं: बॉल कॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाच्या, वॉशरवर क्षाराचा पांढरा थर, पाणी बंदच होत नव्हतं, ओव्हरफ्लोच्या नळीतून सरळ भांड्यात. मागच्या भिंतीवर बोटभर रुंद तपकिरी पट्टा. असा पट्टा महिनोन्‌महिने पाणी वाहिल्याशिवाय उमटत नाही.

मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मी तिथे राहतच नाही, माझ्याकडे कसलं पाणी जाणार?" अगदी मनापासून म्हणाले. फ्लॅटला मीटर नाही, पाणी मेंटेनन्समध्ये सारखं वाटलेलं. त्यांना कळणार तरी कुठून?

माझा राग बिल्डरवर आहे. डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, प्रत्येक फ्लॅटला बाहेरून बंद करता येईल असा एक व्हॉल्व्ह द्यायला काय जातं? तो नसल्यामुळे एका घराचं पाणी तोडायचं तर सगळ्या मजल्यांचं तोडावं लागतं. तसे व्हॉल्व्ह बसवायचं कोटेशन मी दिलंय. सेक्रेटरी म्हणतात, मीटिंगला ठेवू. त्या विंगमध्ये आणखी काही फ्लॅट बंद आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे वॉचमनलाही माहीत नाही.