ब्रेट हार्ट आणि आमचे अण्णा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येईना म्हणून मोबाईल उघडला तर कॅनडाचा कुस्तीगीर ब्रेट हार्ट याची १९९४ ची मॅच समोर आली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, सख्ख्या धाकट्या भावाशी, ओवेनशी. वीस मिनिटं जागचा हललो नाही.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, तालमीत वाढलेले. केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ, ती अमेरिकेतली निकाल आधीच ठरलेली कुस्ती, लागली की "नुरा कुस्ती हाय सगळी, बंद कर" म्हणायचे. पण तो गुलाबी-काळ्या कपड्यातला ब्रेट आला की खुर्ची पुढं ओढायचे. तो रिंगच्या कोपऱ्यावर पाठीनं नाही, थेट छातीनं जाऊन आदळायचा, धाडकन, आणि मग हळूच मागं कोसळायचा. अण्णा म्हणाले, "ह्या पोराला पडाय येतंय बग. आन दुसऱ्याला पाडाय बी येतंय, इजा न करता."

अण्णांना माहीत नव्हतं की हा पण तालमीतलाच. कॅनडात कॅल्गरीला बाप स्टू हार्टनं घराच्या तळघरातच तालीम केलेली, बारा भावंडांतला हा आठवा, तिथंच घासून तयार झाला.

१९९२ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये मेहुण्याशी, ब्रिटिश बुलडॉगशी लढला. मेहुणा ठरलेलं सगळं विसरला म्हणे, तर यानं भर रिंगमध्ये हळू आवाजात एकेक डाव सांगत मॅच शेवटाला नेली आणि जिंकवलं पण त्यालाच. मला हे कुठल्याही बेल्टपेक्षा मोठं वाटतं. समोरचा आपलं अंग तुमच्या हवाली करतो, ते तुम्ही धड परत करायचं. आपल्या हातून कोणाला मोठी दुखापत झाली नाही याचा ब्रेटला आजही सगळ्यात जास्त अभिमान आहे.

लोक मात्र त्याचं नाव निघालं की १९९७ ची मॉन्ट्रियलची मॅचच काढतात. त्यानं हार मानलीच नव्हती तरी डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमॅननं ठरलेलं मोडून बेल वाजवायला लावली आणि बेल्ट समोरच्या शॉन मायकल्सला दिला. ते वाईटच झालं. पण मला त्याच्यापेक्षा १९९९ लागतं. मे महिन्यात ओवेन गेला, कॅन्सस सिटीला छतावरून दोरानं खाली येताना पडून, ३४ वर्षांचा. आणि डिसेंबरात मॅचमध्ये समोरच्या गोल्डबर्गची लाथ ब्रेटच्या डोक्यात बसली, खरीखुरी, आणि जन्मभर दुसऱ्याला सांभाळणाऱ्याचं करिअर तिथंच संपल्यात जमा झालं. २००२ मध्ये स्ट्रोक आला, डावी बाजू गेली, परत हळूहळू उभा राहिला. २०१० ला परत मॅकमॅनच्याच कंपनीच्या रिंगमध्ये येऊन शॉनशी हात मिळवला, मिठी मारली.

ती लाथ मी आज पण बघितली नाही, पुढं तो व्हिडिओ आला तर तिथंच थांबवला.

मॅचच्या आधी तो आपला चकचकीत गॉगल रिंगजवळच्या एखाद्या लहान पोराला घालायचा, दर वेळी. ते आलं की अण्णा माझ्याकडं बघायचे, काही बोलायचे नाहीत, नुसता डोक्यावरून हात फिरवायचे.