मोले ते तांबडी सुर्ला : रानात बिया कोण नेतो आणि कुठे टाकतो

एप्रिलच्या अखेरीस गोव्यातल्या मोल्याला जाणारे बहुतेक प्रवासी दूधसागरची वाट धरतात. आम्ही फोंड्याची काही मंडळी या वेळी धबधब्याकडे न वळता मोले आणि तांबडी सुर्ला यांमधल्या रानवाटांवर फिरलो. फळे खाणारे प्राणी-पक्षी बिया नेमक्या कुठे टाकतात, एवढी एकच गोष्ट आम्हाला पाहायची होती. कोणता प्राणी कोणते फळ खातो याच्या याद्या सहज मिळतात, पण बीचे भवितव्य ती कुठे पडली यावर ठरते आणि त्याकडे फिरणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

या विषयाची गोडी लागली ती दूरच्या टुंड्रा प्रदेशातल्या एका घटनेमुळे. नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये वीज कोसळून ३२३ रेनडियर एकाच जागी मरण पावले आणि त्यांची कलेवरे तेथेच राहू देण्यात आली. मांस खाण्यासाठी डोमकावळे आणि कोल्हे जमले. आसपास क्रोबेरी नावाच्या खुरट्या झुडपाची काळी फळे पिकलेली होती आणि हे पाहुणे तीही खात होते. संशोधकांनी कलेवरांभोवतीची विष्ठा तपासली, तेव्हा तिच्यात क्रोबेरीच्या उगवणक्षम बिया मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. क्रोबेरीच्या रोपाला मोकळी, उघडी माती लागते आणि दाट खुरट्या झाडोऱ्यात ती सहसा मिळत नाही. कुजणाऱ्या कलेवरांनी खालच्या वनस्पती मारून नेमकी तशीच जागा तयार केली होती. ग्रीनलंडमध्ये कस्तुरी बैल आणि बार्नेकल हंस यांच्या विष्ठेतूनही वनस्पतींच्या बिया पसरतात. झाडे नसलेल्या, वाऱ्यावर बिया उडण्यास पूर्ण मोकळीक असलेल्या त्या भूमीतही प्राण्यांचे काम इतके महत्त्वाचे असेल, तर वारा जेथे पानांत अडून राहतो त्या आपल्या सह्याद्रीच्या रानात ते किती असेल, हे समजून घेणे आवश्यक वाटले.

भगवान महावीर अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचे असून त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. आमच्यासोबत जवळच्याच वाड्यावरचे एक वयस्क वाटाडे होते. त्यांना आम्ही काका म्हणत होतो आणि तेही आमच्यातल्या मुलांना ‘बाळा’ म्हणूनच हाक मारत होते. ओहोळाच्या काठावर एका सपाट खडकापाशी ते थांबले आणि म्हणाले, “हें कांडेचोराचें. रातचो येवन गेला.” खडकाच्या उघड्या माथ्यावर विष्ठेचा वाळत आलेला गोळा होता आणि त्यात भेर्ली माडाच्या काळपट, कठीण, एका बाजूने सपाट बिया जवळजवळ स्वच्छ अवस्थेत होत्या, त्यांवरचा गर पूर्ण गेला होता, पण कवचावर दाताचा ओरखडाही नव्हता. कांडेचोर म्हणजे उदमांजर खडक, ओंडके, पायवाटेचा मध्य अशा उघड्या जागा मुद्दाम निवडतो. खडकावर बी रुजणार नाही, हे खरे. परंतु शेणकिडे तिथून विष्ठेचे तुकडे नेऊन मातीत पुरतात, उंदीर काही बिया खातात व काही लपवून विसरतात आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत उरलेल्या बिया उतारावर वाहून जातात. प्राण्याने टाकलेल्या बीचा प्रवास तेथे संपत नाही, हे त्या खडकापाशी वाकून पाहताना प्रत्यक्ष कळले.

पुढे झाडीतल्या एका मोकळ्या सावलीत बेहड्याच्या आणि आवळ्याच्या आठळ्यांचा लहानसा ढीग होता, आणि आसपास त्या दोन्हींपैकी एकही झाड दिसत नव्हते. सांबर आणि चितळ ही फळे गिळतात, दूर जाऊन निवांत बसतात आणि रवंथ करताना कठीण आठळ्या तोंडावाटे बाहेर टाकतात. असे ढीग दिसले की जनावरांची बसण्याची जागा आपोआप कळते. तेथे फार वेळ थांबू नये.

तांबडी सुर्ल्याच्या बाजूला मलबारी राखी धनेशाचा आवाज दिवसभर येत होता. धनेशाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सह्याद्रीत मोठ्या बियांचा तो सर्वांत महत्त्वाचा वाहक आहे. वड-उंबराच्या बारीक बिया तो विष्ठेतून टाकतो, तर धूप आणि रानजायफळ या झाडांच्या मोठ्या बिया गर किंवा बीवरची लाल पत्री उतरवून तोंडावाटे परत काढतो. काजऱ्याचे फळही धनेश खातो; त्याच्या बियांत स्ट्रिक्निनसारखे जहाल विष असते, पण बी फुटत नसल्यामुळे पक्ष्याला अपाय होत नाही. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर अरुंद फटीतून तिला फळे भरवतो. त्यामुळे ढोलीखाली बियांचा खच पडतो आणि पावसात तेथे रोपांची दाटी होते, पण इतक्या दाटीत फार थोडी रोपे तगतात. खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात त्या नराने फिरता फिरता, ढोलीपासून दूर, एखाद्या फांदीवर विसावताना टाकलेल्या सुट्या बिया. म्हणून ढोलीखालचा खच पाहून हरखून जाण्यापेक्षा नर कोणत्या दिशेने येतो-जातो हे लांबून टिपणे अधिक मोलाचे आहे, आणि नैतिकदृष्ट्याही तेच योग्य आहे. माणसे जवळ असली तर नर ढोलीकडे येत नाही आणि आत कोंडलेली मादी व पिल्ले उपाशी राहतात. ढोली सापडली तर तिचे ठिकाण कोणालाही सांगू नये आणि छायाचित्रासोबत टाकूही नये.

बुलबुलासारख्या लहान पक्ष्यांचे काम वेगळे आहे. करवंदाच्या बिया ते पसरवतात, तशाच घाणेरीच्याही. मूळ कोणते आणि परके कोणते हा भेद त्यांना नाही. पण रानजायफळाएवढी बी बुलबुलाच्या चोचीत मावत नाही. धनेश नाहीसा झाला तर अशा झाडांच्या बिया आईच्याच बुंध्याशी पडून राहतील आणि पुढची पिढी तेथेच घुसमटेल. याच कारणाने या जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक रुंद मार्गाचा प्रश्न मला झाडांच्या संख्येपुरता वाटत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक–कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली, तेव्हा झाडांबरोबर त्यांच्या बियांच्या वाटाही वाचल्या.

मागून जाणाऱ्यांसाठी काही सूचना. एप्रिल-मे हा काळ सर्वांत चांगला, कारण करवंदे, जांभळे आणि भिरंडे (कोकमे) त्याच सुमारास पिकतात आणि धनेशांची वीणही चालू असते. पावसाळा संपल्यावर गेलात तर आघाडा, वनभेंडी आणि कुसळी यांच्या बिया तुमच्याच कपड्यांना चिकटतील. जनावरांच्या केसांतून होणारा प्रसार समजण्यासाठी तो काळ उत्तम. परंतु बाहेर पडण्यापूर्वी कपडे आणि बूट झटकावेत, म्हणजे एका रानाच्या बिया दुसऱ्या रानात जाणार नाहीत.

पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व विजार मोज्यांत खोचावी. शेजारच्या सत्तरी तालुक्यात गोचिडींमुळे होणारा माकडताप आढळलेला आहे आणि त्याचा धोका हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत अधिक असतो. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, घरी परतल्यावर अंग नीट तपासावे आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे. विष्ठा उघड्या हाताने उसकू नये. काटकी वापरावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ती होती तशीच सोडावी. अभयारण्यातून बी-फळ काहीही उचलून आणण्यास कायद्याने मनाई आहे, मग हेतू रोपे करण्याचा असला तरीही. दुर्बिणीसोबत एक साधे भिंग ठेवावे. वडाची बी त्याशिवाय नीट दिसत नाही.

फोंड्याहून बेळगावच्या रस्त्यावरील बस मोल्याला सोडते आणि रेल्वेने यायचे तर कुळे स्थानक जवळ आहे. परवाना आणि वाटाडे यांची चौकशी मोल्याच्या वनखात्याच्या केंद्रात आदल्या दिवशीच करावी. तांबडी सुर्ल्याला जाण्यासाठी मात्र स्वतःचे वाहन असलेले बरे, कारण पहाटे उजाडताना पोहोचलात तरच फळांवर आलेले पक्षी तिथल्या महादेव मंदिराच्या परिसरात गर्दी होण्याआधी मनसोक्त पाहता येतील.