गोठलेल्या तळ्यावरचं ऊन

गॅरिसनला पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिल लॅक्स तळ्याच्या पश्चिम काठावरचं हे एवढंसं गाव. रस्त्याकडेला वॉलाय माशाचा भलामोठा पुतळा आणि त्याच्यापलीकडे नजर जाईल तिथवर पांढरं. आजोबांनी गाडी थांबवली, मागे वळले आणि आम्ही दाराला हात लावायच्या आधीच म्हणाले, "आधी चष्मे." सूर्य अजून उगवायचा होता. तरी मी आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाने मुकाट्याने चष्मे चढवले. गेल्या मार्चमधली ती रात्र आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

आजोबा म्हणजे मिनियापोलिसच्या उपनगरातले आमचे शेजारी. जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. मुलगा त्यांना ग्रँपा म्हणतो, माझ्या मनात ते आजोबाच. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणं ही त्यांची वारी आहे, चुकवत नाहीत. १६९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला दोन तास गेलं की मिल लॅक्स लागतं. तळं म्हणायचं, पण पसारा पाचशे चौरस किलोमीटरच्या वर. खोली मात्र जास्तीत जास्त ४२ फूट. मी मालवणची. समुद्र बघत वाढलेल्या माणसालाही समोरचा काठ दिसू नये एवढं हे पाणी, आणि ते हिवाळाभर दगडासारखं घट्ट.

स्लेडवर सामान बांधून आम्ही बर्फावर उतरलो. आजोबा पुढे, हातात लोखंडी पहार. चार पावलं टाकायची, पहार आपटायची, आवाज ऐकायचा. इथला सरकारी नियम साधा आहे: पायी चालायचं तर निदान ४ इंच स्वच्छ, टणक बर्फ हवं. आम्ही होतो तिथे त्याच्या कितीतरी पट होतं, पण मार्चमधल्या बर्फावर आजोबांचा भरवसा नाही. पहारीचा आवाज खणखणीत येत होता तोवर चालत राहिलो.

आणि मग सूर्य आला. पश्चिम काठावरून तळ्यात शिरायचं म्हणजे मार्चमध्ये उगवता सूर्य थेट तोंडावर. आधी दूरवर एक केशरी रेघ उमटली, मग ती बर्फावरून आमच्या दिशेने धावत आली. दोन-तीन मिनिटांत पायांखालची जमीनच उजेडाची झाली. वाऱ्याने बर्फावर पाडलेल्या लाटांच्या माथ्यांवर ठिणग्या, खाचांत निळ्या सावल्या. मी कपाळावर आडवा हात धरला, जशी मालवणला होडीतून काठ शोधताना धरायची. काहीही उपयोग झाला नाही. तिथे ऊन वरून येतं. इथे ते वरून तर येतंच, शिवाय खालून, डावीकडून, उजवीकडून, चष्म्याच्या कडेच्या फटीतून येतं.

गेल्या वर्षी मला हेच कळलं नव्हतं. त्या दिवशी आभाळ होतं, पातळ आणि दुधासारखं. ऊन नाही तर काळा चष्मा कशाला? त्यात श्वासाची वाफ काचेवर बसत होती. मी चष्मा काढून खिशात टाकला तो टाकलाच. मुलाने मात्र घसरगुंडीसाठी घेतलेला स्कीचा गॉगल दिवसभर काढला नाही, कारण तो घातला की त्याला अंतराळवीर झाल्यासारखं वाटत होतं. घरी येईपर्यंत मला काहीसुद्धा झालं नव्हतं. जेवलो, भांडी आवरली. साडेदहाच्या सुमारास डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटलं. पाण्याने धुतले, चोळले. चोळायला नको होते. तासाभरात दोन्ही डोळ्यांत मूठभर वाळू भरल्यासारखी कळ सुरू झाली. पापण्या उघडेनात, पाण्याच्या धारा थांबेनात, फ्रिजचा दिवा लागला तरी ओरडायला व्हायचं. नवऱ्याने घरातले सगळे दिवे घालवले. मुलगा अंधारात चाचपडत गार पाण्याच्या घड्या आणून माझ्या डोळ्यांवर ठेवत होता आणि दर वेळी विचारत होता, "आई, तुला मी दिसतोय ना?"

सकाळी डॉक्टरांनी डोळ्यांत पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं. म्हणाले, बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलाय. उन्हाने पाठ भाजते ना, तसंच. यालाच हिमांधत्व म्हणतात. अतिनील किरणांनी त्या पडद्यावरच्या पेशी मरतात, पण लगेच गळत नाहीत. त्या सुटायला लागल्या की खालच्या नसा उघड्या पडतात आणि मग दुखतं. म्हणून कळ यायला सहा ते बारा तास लागतात. डोळे दुखायला लागले की चष्मा घालू, हा हिशेब इथे चालतच नाही. बधिर करणारे थेंब घरी द्या म्हणून मी गयावया केली. त्यांनी ठाम नकार दिला. त्या थेंबांनी कळ थांबते, पण जखम भरायला वेळ लागतो आणि डोळा कायमचा बिघडू शकतो. ओलावा देणारे थेंब, एक मलम आणि अंधारी खोली, एवढ्यावर दोन दिवसांत मी बरी झाले.

त्या दोन दिवसांत नवऱ्याने मला बरंच काही वाचून दाखवलं. ताजं बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतं. समुद्रकाठची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, फेसाळ लाट २५ टक्के, गवत तर १० टक्केसुद्धा नाही. म्हणजे तारकर्लीच्या भर दुपारच्या वाळूपेक्षा हे गोठलेलं तळं डोळ्यांना वाईट. पातळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी पार होतात, फक्त डोळे दिपत नाहीत म्हणून आपण गाफील राहतो. डिसेंबरात इथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. मार्चच्या मध्याला तो ४० अंशांच्या वर गेलेला असतो आणि बर्फ अजून तसंच असतं. वर्षातला सगळ्यात दगाबाज काळ हाच. थंडी कमी, ऊन छान, माणूस चार तासांऐवजी आठ तास बसतो.

या वर्षी मी तयारीने आले होते. चष्मा कानापर्यंत वळलेला, चेहऱ्याला चिकटून बसणारा, कडेने उजेड येऊ न देणारा. काचेवर यूव्ही ४०० असा शिक्का, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारा. नुसत्या गडद काचेवर जाऊ नका, हे मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं. काच गडद असेल आणि किरण अडवत नसेल तर अंधार समजून डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि उलट जास्त किरण आत जातात. लहान मुलांच्या डोळ्यांतलं भिंग तर मोठ्यांच्या भिंगापेक्षा जास्त किरण आत सोडतं. मुलासाठी खेळण्यातला चष्मा घेऊ नये तो यासाठीच.

आजोबांच्या टोपीच्या झडपेची खालची बाजू काळी होती. मी आधी लक्ष दिलं नव्हतं. ते म्हणाले, खालून आलेला उजेड फिक्या झडपेवर आपटून परत डोळ्यांत येतो, काळं कापड तो पिऊन टाकतं. वाफेवरही त्यांचा उपाय होता: गळपट्टा नाकावर ओढायचा नाही, नाकाखाली ठेवायचा, आणि चष्मा कधीही टोपीवर चढवायचा नाही, डोक्याची वाफ काचेवर गोठते. चष्म्याला दोरी हवीच. आठ इंची भोकावर वाकलेल्या माणसाच्या नाकावरून घसरलेला चष्मा थेट तळाला जातो.

गिरमिटाने भोक पाडलं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला. पाणी वर आलं, काळंभोर. माझ्या काचा पोलराइज्ड होत्या. सपाट पाण्यावरून, नितळ बर्फावरून परतणारा उजेड बराचसा आडवा थरथरत येतो, ही काच तेवढाच गाळते. भोकात वाकून पाहिलं तर वरची चकाकी पुसल्यासारखी गेली आणि आमिषाचा लाल ठिपका फूटभर खोलवर स्पष्ट दिसला. पण भुसभुशीत बर्फावरून उजेड सगळीकडे विखरून येतो, तिथे काचेचा गडदपणाच कामाला येतो. आणि एक तोटा मी स्वतः अनुभवला. फोनबिनचे काही स्क्रीन त्या काचेतून एका कोनात काळेठिक्कर दिसतात, माझा फोन तर बिघडलाच असं मला वाटलं. आजोबांची तक्रार निराळी. ओल्या बर्फावरची चमक ही धोक्याची खूण असते, ती या काचा लपवतात. म्हणून पहार.

दुपारी वारा सुटला तेव्हा छोटा तंबू उभारला. आतून काळा. चष्मे काढले आणि श्वास रोखला गेला. अंधारात पायांपाशी ते भोक हिरवट उजेडाने पेटलं होतं, जणू तळ्याखाली कुणी दिवा लावलाय. बर्फातून झिरपलेलं ऊन. आम्ही पर्च मासे धरायला आलो होतो. दोन-तीन मिळालेही, पिवळ्या अंगावर गडद पट्टे. मग मुलाच्या गळाला काहीतरी जड लागलं. वर आला तो वॉलाय. त्याचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपलेला, म्हणजे लगेच सोडायचा. आजोबांनी ओल्या हातांनी तो भोकातच धरला आणि मुलाला जवळ बोलावलं. "याचा डोळा बघ." मोत्यासारखा दुधाळ, आणि टॉर्चची तिरीप पडताच मांजराच्या डोळ्यासारखा पेटलेला. या माशाच्या डोळ्यात मागे एक चकचकीत थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला उत्तम दिसतं. पण लख्ख ऊन सोसत नाही, दिवसा तो खोल जातो, सकाळ-संध्याकाळ खायला निघतो. क्षणभरात शेपटी फटकारून तो हिरव्या उजेडातून खाली गेला.

तंबूतून बाहेर पडताना आजोबांनी पुन्हा अडवलं. अंधारात बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात. चष्मा आत घालायचा, मग चेन उघडायची.

चहा पिताना त्यांनी खिशातून एक लाकडी वस्तू काढली. तरुणपणी काही वर्षं ते अलास्कात होते. तिथल्या यूपिक आणि इन्युइट लोकांनी शतकानुशतकं लाकूड, हाड, वॉलरसचा दात कोरून चष्मे केले, काच नाहीच, डोळ्यांसमोर फक्त एक बारीक आडवी फट. आजोबांनी तसा एक घरी बर्चच्या लाकडात कोरला होता, आतून काजळी फासलेला, म्हणजे आत शिरलेला उजेड उसळत नाही. दोन मिनिटं मी तो लावला. आभाळ गेलं, पायाखालचं बर्फ गेलं, उरली क्षितिजाची एक पट्टी. आणि त्या पट्टीतली लांबची तंबूंची रांग मला माझ्या डोळ्यांपेक्षा रेखीव दिसली. मुलगा तो परत द्यायला तयार होईना.

परतीच्या वाटेवर मला सारखे काका आठवत होते. मालवणला त्यांच्या होडीत बसून मी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला शिकले. पन्नास वर्षं समुद्रावर, डोळ्यांवर कधी काही नाही. त्यांच्या उजव्या डोळ्यात नाकाकडून बुबुळावर एक गुलाबी पडदा चढला आहे. गावात नाखुना म्हणतात, दर्यावर जाणाऱ्या कितीतरी जणांना असतो. ऊन, वारा आणि हेच अतिनील किरण. आम्ही लहानपणी त्याला म्हातारपणाची खूण समजायचो. घरी पोचल्यावर मी माझ्यासारखाच एक चष्मा, दोरीसकट, त्यांच्यासाठी घेतला आणि गावी निघालेल्या मैत्रिणीबरोबर पाठवला.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका रविवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, होडीतूनच फोन आला. मागे इंजिनाची धडधड. "गो बाय," काका ओरडत होते, "पाण्याखालचो खडक दिसता मां!"