बंब, दिवाळी अंक आणि ‘लास्ट प्राइस काय?’

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि कोथरूडचं घर दोन महिन्यांत रिकामं करायचं ठरलं. भाड्याच्या जागेत वडिलांच्या पुस्तकांची तीन कपाटं मावणं शक्यच नव्हतं. रद्दीवाला किलोला बारा रुपये म्हणाला. शब्दकोश त्याच्या काट्यावर चढताना मला बघवेना, म्हणून “नंतर या” सांगून त्याला परत पाठवला. भाची म्हणाली, “मावशी, ऑनलाइन टाक, मी शिकवते.” शिकवलं दहा मिनिटांत, निस्तरायला मला सात आठवडे लागले.

पहिल्या दिवशी मी अख्ख्या कपाटाचा एकच फोटो काढून टाकला. ‘मराठी पुस्तके, सुमारे ४००, उत्तम स्थिती, निम्म्या किमतीत.’ निम्मी म्हणजे कशाची, हा विचारच केला नव्हता. १९७८च्या पुस्तकावर छापील किंमत अठरा रुपये. संध्याकाळी एकाने लिहिलं, ‘नऊ रुपयांप्रमाणे पन्नास पुस्तकं घेतो.’ बरोबरच होतं त्याचं. जाहिरात काढून टाकली.

मग एकेक पुस्तक घेऊन बसले. नव्या पुस्तकांवर आयएसबीएन हा तेरा आकडी ओळखक्रमांक असतो, तो टाकला की आज नवं केवढ्याला मिळतं ते कळतं; त्याच्या निम्मं लावायचं. जुन्यांवर आकडाच नाही. तिथे प्रकाशक, वर्ष, पानं आणि पहिली आवृत्ती की पुनर्मुद्रण, हे सगळं हाताने लिहायचं. इतरांनी लावलेल्या किमती बघून मी आधी हुरळले. एका कादंबरीला कोणीतरी दीड हजार लावले होते. पण महिन्याने पाहिलं तर ती तिथेच. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फार अंतर आहे, आणि मिळालेला कोणी लिहीत नाही.

‘उत्तम स्थिती’ हेही खोडलं. कसर लागलेलं पान, सुटलेली बांधणी, वडिलांची पेन्सिल, सगळ्याचे जवळून फोटो टाकले. भाची ओरडली, “असं टाकल्यावर कोण घेईल?” उलट त्यानंतरच लोक नीट बोलायला लागले.

पण पैसे आले भलतीकडूनच. माळ्यावर साठ-सत्तर दिवाळी अंक होते, सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, काहींना मुखपृष्ठ नव्हतं. ते मी रद्दीतच धरले होते. गंमत म्हणून पाच अंकांचा फोटो टाकला, तर नागपूरहून एकाचा निरोप आला: “अनुक्रमणिकेचा फोटो पाठवाल का?” त्यांच्या आत्याची कविता एका अंकात आली होती, वर्ष नक्की आठवत नव्हतं. सापडली. त्यांनी चारशे रुपये स्वतःहून सांगितले; मी साठ मागणार होते! त्या रात्री सगळ्या अंकांच्या अनुक्रमणिका पंख्याखाली उघडून एकेकीचा फोटो काढला. पंधरा दिवसांत अर्धे गेले. कोणाला लेखक हवा होता, कोणाला व्यंगचित्रं, एका मुलीला साबणाच्या जुन्या जाहिराती.

पुतण्याच्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर मात्र माझी मोठी भिस्त होती. कोरीच म्हणा ना, आणि अप्पा बळवंत चौकात अशांना गिऱ्हाईक असतंच. पण २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आणि आमची सगळी पर्याय निवडण्याच्या सरावाची. एकानेही विचारलं नाही.

तांब्याचा बंब टाकला त्या दिवशीच एक ‘फौजी’ भेटला. जैसलमेरला पोस्टिंग, बंब न बघता सांगितलेल्या किमतीला पसंत, घासाघीस शून्य. पैसे ‘पाठवायला’ त्याने क्यूआर कोड धाडला: स्कॅन करा आणि पिन टाका. मी चष्मा शोधत होते तेवढ्यात भाचीने फोन काढून घेतला. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपले जातात. पैसे गेलेच असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही तेव्हाच कळलं. बंब पुढे मुळशीकडच्या एका होमस्टेवाल्याने नेला. त्याआधी तांबट आळीत मोडीचा भाव विचारून ठेवला होता, म्हणून त्याच्या पहिल्या आकड्याला मान डोलावली नाही.

टपालाचं गणित आधी करायला हवं होतं. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, आणि स्पीड पोस्टला वजनाप्रमाणे पैसे पडतात. सत्तर रुपयांच्या पुस्तकाला टपालच तेवढं. मग सुटं विकणं बंद केलं. एका लेखकाची चार, पाककृतींची पाच, असे गठ्ठे बांधले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करूनच किंमत सांगायला लागले. आधी प्लास्टिक, मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, चारही कोपऱ्यांना दुहेरी. एकदा कोपरे विसरले तर सोलापूरच्या बाईंनी दुमडलेल्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला. शंभर रुपये परत केले.

शब्दकोश विकला नाही. म्हणजे टाकलाच नाही.

शेवटी रद्दीवाल्याला फोन केला. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं एकतीस किलो भरली. सात आठवडे ‘लास्ट प्राइस काय?’ ऐकून मलाही सवय लागली होती. म्हटलं, “चौदा द्या.”

“बारा, ताई,” तो म्हणाला आणि दोरी आवळायला लागला.